नवी मुंबईत वन बीएचके घेताना: कार्पेट एरिया, सिडकोचे कागद आणि खिशातून जाणारी खरी रक्कम

ऐरोलीपासून पनवेलपर्यंत पहिले घर शोधणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबाची गाडी बहुतेक वेळा वन बीएचकेवर येऊन थांबते. दोघांचे पगार, मुलाची शाळा, गावाकडे पाठवायचे पैसे आणि बँकेतली शिल्लक यांचा मेळ घालून पाहिला की टू बीएचके आवाक्याबाहेर जातो आणि साडेतीनशे ते सव्वाचारशे चौरस फुटांच्या घरांची पाहणी सुरू होते. घर लहान, तेव्हा चौकशीही बेताची पुरेल, असा एक समज या टप्प्यावर सर्रास दिसतो. माझे मत याच्या उलट आहे. मोठ्या घरात तीस चौरस फूट वाया गेले तरी ते खपून जाते. लहान घरात तेवढ्या जागेत कपाट, मुलाचे टेबल नाहीतर आजीची खाट बसते. मोठे घर घेणाऱ्याला दोन-तीन लाखांचा अवचित खर्च झेपतो. वन बीएचके घेणाऱ्याची गंगाजळी मार्जिन मनी, म्हणजे कर्जाबाहेरचा स्वतःचा वाटा, भरतानाच संपलेली असते. म्हणून घर जितके लहान, तितका मोजमापाचा, कागदांचा आणि पैशांचा हिशेब काटेकोर हवा. नवी मुंबईत तर जमिनीचा मालक सिडको, म्हणजे हे शहर वसवणारे सरकारी महामंडळ, असल्यामुळे या हिशेबात एक जास्तीची बाजू येते आणि तिच्याविषयी खरेदीदाराला सर्वांत कमी माहिती असते.

मोजायचे ते कार्पेट

घरविक्रीचे नियमन करणाऱ्या २०१६ च्या रेरा कायद्याने कार्पेट एरियाची, म्हणजे चटईक्षेत्राची, व्याख्या पक्की केली आणि १ मे २०१७ पासून महारेराचे, म्हणजे या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाचे, काम सुरू झाल्यावर नव्या प्रकल्पांतील घरे याच क्षेत्रफळावर विकणे बंधनकारक झाले. या व्याख्येत घराच्या आतले वापरता येणारे क्षेत्र आणि खोल्यांमधल्या भिंतींची जाडी धरली जाते. बाहेरच्या भिंती, पाइपांसाठीचे डक्ट, फक्त त्या घरासाठी असलेली बाल्कनी आणि उघडी गच्ची धरली जात नाही. विक्री कार्यालयात मात्र बाल्कनी आणि ड्राय बाल्कनी मिळवून एक मोठा आकडा सांगितला जातो आणि त्याला ‘युजेबल कार्पेट’ असे भारदस्त नाव दिलेले असते. तो आकडा खोटा असतो असे नाही, पण दोन प्रकल्पांची तुलना करताना एकाचे रेरा कार्पेट आणि दुसऱ्याचे युजेबल कार्पेट शेजारी ठेवले की स्वस्त वाटणारे घर प्रत्यक्षात महाग निघते. करारनाम्यात क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये असते, त्याला १०.७६४ ने गुणले की चौरस फूट मिळतात. ३६ चौरस मीटर म्हणजे सुमारे ३८७ चौरस फूट.

उदाहरणादाखल असे ३६ चौरस मीटरचे घर ६० लाखांना मिळते असे धरू. म्हणजे कार्पेटचा एक चौरस फूट साधारण साडेपंधरा हजारांना पडला. आता नकाशा हातात घेऊन हॉलपासून बेडरूमपर्यंत जाणारा पॅसेज पाहावा. तो तीन फूट रुंद आणि नऊ फूट लांब असेल, तर सत्तावीस चौरस फूट, म्हणजे चार लाखांहून अधिक रक्कम, नुसत्या ये-जा करण्याच्या जागेसाठी मोजली जात आहे. त्याच क्षेत्रफळाच्या दुसऱ्या नकाशात हॉलमधूनच बेडरूम आणि स्वयंपाकघराची दारे उघडत असतील आणि शौचालयाचे दार थेट हॉलच्या तोंडाशी येत नसेल, तर ते घर राहायला मोठे ठरते. दारे कोणत्या बाजूला उघडतात हेही नकाशावर दाखवलेले असते आणि त्याकडे फारसे कोणी पाहत नाही. दहा फूट रुंदीच्या बेडरूममध्ये दार आत उघडून नेमके कपाटाच्या जागी येत असेल, तर कपाट खिडकीखाली जाते आणि खाट भिंतीला चिकटते. फ्रिज कुठे राहील, वॉशिंग मशीनला नळ आणि निचरा कुठे आहे, देवघर कोणत्या भिंतीवर बसेल, पाहुणे आले की गाद्या कुठे घालता येतील, हे प्रश्न नमुना घर पाहताना सुचत नाहीत, कारण त्यातले फर्निचर मुद्दाम छोट्या मापाचे करून ठेवलेले असते आणि पुष्कळदा मधल्या दारांच्या चौकटीही बसवलेल्या नसतात.

जुने घर घेताना मोजपट्टी घेऊन जाण्यात संकोच करू नये. रेरापूर्व काळातले व्यवहार बिल्टअप किंवा सुपर बिल्टअप क्षेत्रफळावर झालेले आहेत आणि जिना, लॉबी, लिफ्टची जागा त्यात मिळवून आकडा फुगवलेला असतो. ‘सहाशेचा वन बीएचके’ प्रत्यक्ष मोजला की चारशेच्या आत-बाहेर निघणे यात नवल नाही. शिवाय जुन्या इमारतींत बाल्कनी हॉलमध्ये आणि ओटा ड्राय बाल्कनीत सरकवलेला असतो. मोजलेल्या क्षेत्रातले मंजूर नकाशातले किती आणि नंतर जोडलेले किती हे वेगळे काढावे, कारण बँकेचा मूल्यांकन करणारा अभियंता मंजूर नकाशाशीच जुळवून पाहतो.

साठ लाखांच्या घराला लागतात किती?

घराची किंमत आणि घरासाठी लागणारी रक्कम यांत मोठे अंतर असते. ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांच्या हद्दीत मुद्रांक शुल्क एकूण सात टक्के आहे: मूळ पाच, स्थानिक संस्था अधिभार एक आणि वाहतूक प्रकल्पांसाठीचा एक. नोंदणी फी एक टक्का असली तरी तिला ३० हजारांची कमाल मर्यादा आहे. घर फक्त स्त्रीच्या किंवा स्त्रियांच्या नावे घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, म्हणजे आपल्या उदाहरणात ६० हजार वाचतात. पती-पत्नी दोघांच्या नावे घर घेतल्यास मात्र ही सवलत मिळत नाही. आणखी एक गोष्ट अशी की शुल्क करारातल्या किमतीवर किंवा रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारने त्या भागासाठी ठरवलेल्या दराच्या, मूल्यावर, यांपैकी जे जास्त असेल त्यावर, आकारले जाते. व्यवहार ६० लाखांचा आणि रेडी रेकनरचे मूल्य ६३ लाखांचे असेल, तर शुल्क ६३ लाखांवर भरावे लागते.

बांधकाम सुरू असलेल्या घरावर जीएसटी लागतो. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा अधिकृत दाखला, मिळालेल्या किंवा पुनर्विक्रीच्या घरावर तो लागत नाही. १ एप्रिल २०१९ पासून हा दर परवडणाऱ्या घरांसाठी एक टक्का आणि इतरांसाठी पाच टक्के आहे. मुंबई महानगर प्रदेशात परवडणारे घर म्हणजे ६० चौरस मीटरपर्यंत कार्पेट आणि ४५ लाखांपर्यंत किंमत; दोन्ही अटी एकाच वेळी पूर्ण व्हायला हव्यात. वन बीएचके घेणाऱ्याने या ४५ लाखांच्या रेषेकडे बारकाईने पाहावे. जाहिरातीत ४३ लाखांचे दिसणारे घर वरच्या मजल्याचा वाढीव दर, डेव्हलपमेंट चार्ज, पार्किंग आणि क्लबहाउस मिळून साडेपंचेचाळीस लाखांवर गेले, तर हे सारे आकार त्या मर्यादेत मोजले जात असल्यामुळे पूर्ण रकमेवर पाच टक्के, म्हणजे २,२७,५०० रुपये, कर बसतो. तेच घर बरोबर ४५ लाखांत बसले असते तर कर ४५ हजार झाला असता. कोटेशन मागताना ‘सगळे धरून’ रक्कम लेखी मागावी ती यासाठी. उघडे पार्किंग बिल्डरला विकता येत नाही, हेही येथेच लक्षात ठेवावे. छताखालचे पार्किंग विकत घेतले तर त्याचा क्रमांक, माप आणि जागा करारनाम्यात असायला हवी.

आता कर्ज. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्क्यांपर्यंत रक्कम देऊ शकते आणि दहा लाखांपर्यंतची घरे सोडली तर या किमतीत मुद्रांक शुल्क व नोंदणी खर्च धरला जात नाही. म्हणजे ६० लाखांच्या घरावर जास्तीत जास्त ४८ लाख कर्ज. उरलेले १२ लाख, मुद्रांक शुल्काचे ४.२० लाख, नोंदणीचे ३० हजार आणि बांधकाम सुरू असेल तर जीएसटीचे तीन लाख, असे साडेएकोणीस लाख रुपये स्वतःकडे हवेत. जीएसटीची रक्कम कर्जात धरता येईल का, हे बँकेला आधीच विचारावे. यात वकिलाची फी, सोसायटीसाठी आगाऊ घेतला जाणारा देखभाल खर्च, खिडक्यांच्या जाळ्या, पंखे, दिवे आणि स्वयंपाकघराची ट्रॉली अजून आलेलीच नाही. ४८ लाखांच्या कर्जाचा साडेआठ टक्के दराने वीस वर्षांसाठी हप्ता सुमारे ४१,६५० रुपये होतो आणि वीस वर्षांत बँकेला एकूण जवळपास एक कोटी रुपये जातात. सध्याचे भाडे आणि हा हप्ता यांतल्या फरकाएवढी रक्कम सहा महिने वेगळ्या खात्यात टाकून पाहावी. घरखर्च ओढूनताणून चालत असेल, तर ते कळण्याची ही सर्वांत स्वस्त पद्धत आहे.

पुनर्विक्रीच्या व्यवहारात काही रक्कम रोखीने मागितली जाते. नैतिक प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला तरी लहान घराच्या खरेदीदाराला हा व्यवहार परवडतच नाही. ६० लाखांपैकी ५० लाखच कागदावर दाखवले तर बँक ५० लाखांच्या हिशेबाने कर्ज देते, म्हणजे ४० लाख; वरचे दहा आणि मार्जिनचे दहा दोन्ही स्वतःच आणावे लागतात. पुढे हे घर विकताना खरेदीची किंमत ५० लाखच धरली जाऊन भांडवली नफ्यावरचा कर वाढतो. मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास आयकर कायद्याची बंदीही आहे. शिवाय किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल, तर विक्रेत्याला द्यायच्या रकमेतून एक टक्का टीडीएस कापून सरकारकडे भरण्याची जबाबदारी खरेदीदाराची असते. विक्रेता परदेशात स्थायिक, म्हणजे अनिवासी, असेल तर नियम आणि दर वेगळे आणि बरेच चढे आहेत, तेव्हा तो निवासी आहे की नाही हे टोकन देण्यापूर्वीच विचारावे.

सिडकोची जमीन आणि आपले घर

सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० रोजी झाली आणि नवी मुंबईसाठी संपादित झालेली जमीन तिच्या ताब्यात आली. सिडको भूखंड सहसा विकत देत नाही. तो दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने, बहुधा ६० वर्षांच्या लीजने, देते. म्हणजे वाशीत किंवा कोपरखैरणेत घर घेणारा घराचा मालक होतो, पण त्याखालची जमीन भाडेपट्ट्याचीच राहते. पहिल्यांदा ऐकताना हे अस्वस्थ करणारे वाटते, मात्र संपूर्ण शहर याच व्यवस्थेवर उभे आहे आणि बँकाही याच घरांवर कर्जे देतात. लीज कोणत्या वर्षी सुरू झाली आणि किती वर्षे उरली हे मात्र पाहायला हवे, विशेषतः जुन्या नोडमध्ये, म्हणजे सिडकोने आखलेल्या जुन्या उपनगरांमध्ये. मुदतवाढ किंवा जमीन मालकी हक्काने करण्याचे निर्णय वेळोवेळी जाहीर होतात. त्यांच्या बातमीवर किंमत वाढवून मागणाऱ्याला त्या इमारतीच्या बाबतीत प्रत्यक्ष काय झाले आहे ते कागदावर दाखवायला सांगावे.

एकाच सेक्टरमध्ये शेजारी-शेजारी उभ्या असलेल्या इमारतींचा जन्म वेगवेगळ्या वाटांनी झालेला असतो. काही सिडकोने स्वतः बांधल्या, जसे वाशीतल्या जेएन टाइप इमारती किंवा कोपरखैरणेतली एसएस टाइप घरे. काही बिल्डरांनी निविदेत घेतलेल्या भूखंडांवर उभ्या राहिल्या. तिसरा प्रकार साडेबारा टक्के योजनेतल्या भूखंडांचा. ज्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या त्यांनी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९८४ साली केलेल्या आंदोलनात पाच जणांचे प्राण गेले, आणि त्या लढ्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड प्रकल्पग्रस्तांना देण्याचे धोरण आले. घणसोली, नेरूळ, खारघर, कामोठे, उलवे येथील कितीतरी लहान इमारती याच भूखंडांवर आहेत. तेथे मूळ वाटप कोणाच्या नावे झाले, वारसांच्या संमती आहेत का आणि भूखंड बिल्डरकडे हस्तांतरित करायला सिडकोची परवानगी मिळाली का, ही साखळी तपासावी लागते.

चौथा प्रकार गावठाण आणि त्याच्या आजूबाजूच्या बांधकामांचा. तेथील घरे सेक्टरमधल्या घरांपेक्षा बरीच स्वस्त मिळतात, आणि ती का स्वस्त आहेत हे विचारले पाहिजे. बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र नसलेल्या इमारतीत राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळणे अवघड जाते, आणि कारवाईची टांगती तलवार राहते ती वेगळी. दिघ्यात एमआयडीसीच्या, म्हणजे राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाच्या, जमिनीवरच्या अनधिकृत इमारतींवर उच्च न्यायालयाच्या आदेशाने २०१५ साली कारवाई झाली, तेव्हा घरे विकणारे केव्हाच बाजूला झाले होते आणि रस्त्यावर आली ती राहणारी कुटुंबे. अशा घरात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या भूमिपुत्रांचा प्रश्न वेगळा आहे आणि त्यांची बाजूही रास्त आहे. पण आयुष्याची पुंजी घेऊन बाहेरून येणाऱ्या खरेदीदाराने त्या अनिश्चिततेत पाऊल टाकू नये असे मला स्पष्टपणे वाटते.

नवा प्रकल्प असेल तर महारेराच्या संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाकून मंजूर नकाशे, पूर्णत्वाची तारीख, दर तिमाहीची प्रगती आणि प्रकल्पावरचे दावे पाहता येतात. काही वर्षांपूर्वी नोंदलेल्या प्रकल्पांपैकी ठाणे जिल्ह्यातल्यांचे क्रमांक ‘पी ५१७’ ने आणि रायगडमधल्यांचे ‘पी ५२०’ ने सुरू होत. ऐरोली ते बेलापूर ठाणे जिल्ह्यात, तर खारघर, कामोठे, उलवे आणि पनवेल रायगडमध्ये मोडतात. ‘नवी मुंबई’ एवढेच छापलेल्या जाहिरातीतले घर नेमके कुठे आहे, हे अशा क्रमांकाच्या पहिल्या तीन आकड्यांवरून कळते. पण केवळ क्रमांक दिसला म्हणून थांबू नये. बनावट परवानग्या जोडून रेरा नोंदणी मिळवलेल्या कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ इमारतींचे प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०२४ मध्ये त्या पाडण्याचे आदेश निघाले. बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्राची प्रत घेऊन ते संबंधित महापालिकेच्या किंवा सिडकोच्या नगररचना विभागाने खरोखर दिले आहे का, याची वकिलाकडून खातरजमा करून घ्यावी. नोंदणीकृत करार होण्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही, हा रेरा कायद्यातला नियम बुकिंगच्या टेबलावर उपयोगी पडतो.

पुनर्विक्रीच्या घरात खरा वेळ जातो तो ‘सिडको ट्रान्सफर’मध्ये. सिडकोच्या अटींखाली असलेले घर एका हातातून दुसऱ्या हातात जाताना सिडकोची परवानगी आणि क्षेत्रफळानुसार हस्तांतरण शुल्क लागते. समजा, १९९२ साली घर मिळालेल्या मूळ वाटपधारकाने ते १९९९ मध्ये दुसऱ्याला कुलमुखत्यारपत्रावर, म्हणजे नुसत्या पॉवर ऑफ ॲटर्नीवर, विकले, दुसऱ्याने २००८ मध्ये तिसऱ्याला तसेच विकले, आणि आज हा तिसरा माणूस विक्रेता म्हणून समोर बसला आहे. सोसायटीच्या भाग दाखल्यावर, म्हणजे शेअर सर्टिफिकेटवर, त्याचे नाव आहे, वीजबिलही त्याचेच आहे, घराचा ताबा निर्वेध आहे. सिडकोच्या नोंदीत मात्र अजूनही १९९२ चाच माणूस मालक आहे. केवळ कुलमुखत्यारपत्राने मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. तेव्हा मधले सगळे दुवे नियमित करून घ्यावे लागतात. मूळ वाटपधारक हयात नसेल तर वारस शोधावे लागतात, आणि त्यांतला एखादा सहीसाठी अडून बसला की सहा महिने कसे गेले कळत नाही. म्हणून टोकन देण्यापूर्वी मूळ वाटपपत्रापासून आजपर्यंतचे सगळे करार, प्रत्येक कराराची सूची क्रमांक दोन, म्हणजे बोलीभाषेत इंडेक्स टू हा नोंदणी कार्यालयाचा उतारा, आणि प्रत्येक हस्तांतरणाचे सिडकोचे आदेश मागून तारखांच्या क्रमाने लावावेत. एक कागद जरी कमी असेल, तर तो कोण आणि केव्हा आणणार आणि त्याचा खर्च कोणाचा, हे लिहून घ्यावे. सोसायटीच्या नावे लीज डीड झालेली असेल किंवा सिडकोने बांधलेल्या इमारतीत सोसायटीऐवजी अपार्टमेंट ओनर्स असोसिएशन असेल, तर कार्यपद्धती थोडी बदलते. त्या इमारतीत नुकताच व्यवहार केलेल्या शेजाऱ्याला विचारले की दलालापेक्षा नेमकी माहिती मिळते.

भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, या एका कागदाशिवाय मी कोणालाही पुढे जा असे सांगणार नाही. ‘ओसीला टाकले आहे, पंधरा दिवसांत येईल’ हे वाक्य काही इमारतींत वर्षानुवर्षे ऐकू येते.

सोसायटीची वही आणि सेक्टरची हवा

घर बघायला आपण रविवारी दुपारी जातो, जेव्हा शहर सर्वांत शांत असते. एकदा कामाच्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास घरापासून स्टेशनपर्यंत चालत जावे आणि रात्री दहानंतर त्याच सेक्टरमध्ये फिरावे. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्याच्या आणि तळोजा एमआयडीसीच्या आसपासच्या नोडमध्ये रासायनिक वासाच्या तक्रारी रात्रीच्या आणि पहाटेच्या असतात. दुपारी खिडकीतून येणारी हवा त्याची काही दाद लागू देत नाही. शहराचा बराच भाग भरतीच्या पातळीच्या खाली किंवा जेमतेम वर असल्यामुळे सिडकोने पावसाचे पाणी साठवून धरणारे धारण तलाव बांधले आहेत, पण मोठी भरती आणि जोराचा पाऊस एकाच वेळी आले की सखल भागांत पाणी साचते. तळमजल्याचे किंवा पहिल्या मजल्याचे घर असेल, तर जिन्याखालच्या मीटरच्या पेट्या जमिनीपासून किती उंचीवर बसवल्या आहेत ते पाहावे. एकदा पाणी शिरलेल्या इमारतीत त्या हमखास वर सरकवलेल्या असतात.

पाण्याच्या बाबतीत नवी मुंबई आणि पनवेल या दोन महापालिकांत फरक आहे. नवी मुंबई महापालिकेचे स्वतःचे मोरबे धरण आहे. पनवेल महापालिकेच्या, २०१६ साली स्थापन झालेल्या, हद्दीतील नोड इतर स्रोतांवर अवलंबून आहेत आणि उन्हाळ्यात तेथे टंचाईची ओरड होते. रहिवाशांना विचारले तर ‘पाणी ठीक आहे’ असेच उत्तर मिळते, कारण आपल्या इमारतीला नाव ठेवायला कोणाला आवडत नाही. त्याऐवजी सोसायटीचा वार्षिक हिशेब मागून त्यात टँकरवर किती खर्च झाला तो रकाना पाहावा. त्याच हिशेबात थकबाकीदार किती आहेत, दुरुस्ती निधीत आणि सिंकिंग फंडात, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठीच्या राखीव निधीत, किती शिल्लक आहे आणि लिफ्टच्या देखभालीवर किती जाते हेही कळते. सोळा घरांच्या इमारतीला बाहेरून रंग आणि वॉटरप्रूफिंग करायचे ठरले, तर तो खर्च सोळांतच वाटला जातो. मोठ्या संकुलात तो अधिक घरांत विभागला जातो, पण तेथे तरणतलाव आणि क्लबहाउसचा देखभाल खर्च चौरस फुटांवर दरमहा द्यावा लागतो, मग मूल पोहायला जावो न जावो. सोसायटीच्या उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षण दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे दर तीन वर्षांनी व्हायला हवे. शेवटचा अहवाल पाहायला मागावा. ‘दोन वर्षांत रिडेव्हलपमेंट आहे, आत्ताच घ्या’ या आशेवर जुने घर वाढीव भावाने घेऊ नये. ज्या घरात आजी-आजोबा राहणार आहेत, त्यांच्यासाठी सिडकोच्या जुन्या चार मजली, बिनलिफ्टच्या इमारतीतला तिसरा मजला आज स्वस्त असला तरी पाच वर्षांनी अडचणीचा होतो.

मुलांसाठी काय पाहायचे याची यादी करण्यात अर्थ नाही. शाळा पायी गाठता येते का, आणि घर ते मैदान या वाटेत पाम बीच किंवा सायन-पनवेलसारखा मोठा रस्ता ओलांडावा लागतो का, या दोन प्रश्नांतच बरेचसे येते. नोकरी कुठे आहे यावर लोकलची दिशा ठरते. घणसोली, कोपरखैरणे, ऐरोली ही स्टेशने २००४ साली सुरू झालेल्या ट्रान्सहार्बर मार्गावर आहेत. ठाण्याकडे जाणाऱ्यांची सोय होते, पण सीएसएमटीकडे जायचे तर गाडी बदलावी लागते. नेरूळ, सीवूड्स, बेलापूरकरांना हार्बरची थेट गाडी आहे. खारघरच्या आतल्या सेक्टरांना २०२३ मध्ये सुरू झालेल्या बेलापूर-पेंधर मेट्रोने जवळ आणले. नवी मुंबई विमानतळावरून डिसेंबर २०२५ मध्ये विमाने उडू लागली असली, तरी वर्षातून एकदा विमानात बसणाऱ्या कुटुंबाने विमानतळाच्या नावाखाली वाढवलेला दर कितपत मोजावा, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

नोंदणीनंतर

दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदवल्यावर पेढे वाटले जातात आणि उरलेली कामे मागे पडतात. सहीच्या तारखेपासून चार महिन्यांत दस्त नोंदवावा लागतो. त्यानंतर इंडेक्स टू घ्यावी, सिडकोच्या नोंदीत, मालमत्ता कराच्या बिलावर आणि महावितरणच्या मीटरवर नाव लावावे, आणि सोसायटीकडे भाग दाखल्यावर नाव चढवण्याचा अर्ज द्यावा. महापालिका क्षेत्रात सोसायटीला हस्तांतरण अधिमूल्य म्हणून २५ हजारांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. ‘स्वेच्छा देणगी’च्या नावाखाली जास्त मागितल्यास पावतीवर नेमके कारण लिहून मागावे, म्हणजे आग्रह बहुधा तेथेच मावळतो. नव्या इमारतीत ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष दिसला, तर बिल्डरला तो विनामूल्य दुरुस्त करून द्यावा लागतो, त्यामुळे पहिल्याच पावसाळ्यात भिंतीवर ओल आली की तारखेसह छायाचित्र काढून लेखी कळवावे.

मूळ कागद कर्ज फिटेपर्यंत बँकेकडे राहतात. ते देताना प्रत्येक कागदाचे नाव, तारीख आणि पानांची संख्या लिहिलेली पोच घ्यावी, कारण कर्ज फिटल्यावर तीस दिवसांत कागद परत न मिळाल्यास दर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे आणि बँकेला नेमके काय दिले होते ते त्या पोचेवरूनच दाखवता येते.